बटण दाबले, दिवा कधी लागणार?

ठाणे, प्रतिनिधी : एखाद्याच्या डोक्यात उशिरा प्रकाश पडला की त्याला 'ट्यूबलाइट' म्हणण्याची पद्धत पडली, ती उगाच नव्हे. चोक आणि स्टार्टरवर चालणारी ती नळी बटण दाबल्यावर दोन-तीनदा लुकलुकायची, स्टार्टरमधली धातूची पट्टी तापून वाकायची, पुन्हा सुटायची आणि मग कुठे खोली उजळायची. हा विलंब दोन पिढ्यांनी विनातक्रार सोसला. पुढे इलेक्ट्रॉनिक चोक आला, सीएफएल आला, २०१५ नंतर 'उजाला' योजनेमुळे एलईडी दिवे घरोघर पोहोचले आणि बटण दाबताच लख्ख प्रकाश ही गोष्ट गृहीत धरली जाऊ लागली. आता 'स्मार्ट' म्हणवणाऱ्या घरांत ती जुनी ट्यूबलाइट पुन्हा अवतरली आहे. फरक एवढाच की, या वेळी उशीर दिव्यात नाही. तो बटण आणि दिवा यांच्यामधल्या वाटेत आहे.

ही वाट नेमकी कशी जाते, हे पाहण्यासाठी माजिवड्याइतकी योग्य जागा शोधून सापडणार नाही. पूर्व द्रुतगती महामार्ग आणि घोडबंदर रस्ता जेथे एकत्र येतात, त्या नाक्याभोवती, कापूरबावडीपासून बाळकुम-कोलशेतपर्यंत, गेल्या दोन दशकांत टॉवरमागून टॉवर उभे राहिले. मोबाइलवरून चालणारे दिवे ही आता अशा संकुलांच्या सुविधांच्या यादीत तरणतलाव आणि व्यायामशाळेच्या शेजारी बसणारी बाब झाली आहे. ज्यांना बिल्डरकडून ती मिळत नाही, ते फर्निचरचे काम काढताना वायरमनला सांगून बसवून घेतात. पहिले काही दिवस पाहुण्यांना दिवे लावून-विझवून दाखवण्यात जातात. नव्याची नवलाई ओसरली की एकच तक्रार उरते, 'दाबले की लगेच लागत नाही.'

तक्रार क्षुल्लक वाटेल. पण रात्री दोन वाजता उठून न्हाणीघराकडे निघालेल्या सत्तरीच्या गृहस्थाला ती क्षुल्लक नसते. बोळातला दिवा माणसाची चाहूल लागताच आपोआप लागेल, असे मुलाने सांगितलेले असते. दिवा लागतो, पण दीड सेकंदाने. तेवढ्या वेळात दोन पावले अंधारात पडलेली असतात आणि न्हाणीघराचा उंबरठा त्या दोन पावलांतच असतो. विलंबाचा खरा हिशेब येथे आहे. दिवाणखान्यातील रंगीत पट्ट्या सेकंदभर उशिरा उजळल्या तर कोणाचे काही बिघडत नाही.

सेकंदाचा दहावा भाग

किती उशीर माणसाला खुपतो, याचे उत्तर जुनेच आहे. आयबीएममधील रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये संगणकाच्या प्रतिसादाविषयी लिहिलेल्या निबंधात कळ दाबणे आणि त्याची पोच दिसणे यांत फार तर एक ते दोन दशांश सेकंद जावेत, अशी मर्यादा सुचवली होती. एक दशांश सेकंदाच्या आत घडलेली गोष्ट आपल्याच बोटाने घडली, असे मनाला वाटते. त्याहून उशीर झाला की 'आपण सांगितले आणि कोणीतरी केले' असा अनुभव येऊ लागतो. अर्धा-पाऊण सेकंद उलटला की माणूस शंकित होतो आणि पुन्हा दाबतो. नेमका तेव्हा पहिला आदेश पोहोचलेला असतो. दुसऱ्या दाबाने लागलेला दिवा विझतो. मग तिसऱ्यांदा दाबायचे. अनेक घरांत 'स्विच खराब आहे' म्हणून बदलले जाते, त्यामागे बरेचदा एवढेच असते.

म्हणजे उद्दिष्ट स्पष्ट आहे. बोट ते प्रकाश, हे अंतर शंभर-दोनशे मिलिसेकंदांत कापले गेले पाहिजे. (हजार मिलिसेकंद म्हणजे एक सेकंद.) आता हा वेळ जातो कोठे, ते पाहू.

सर्वांत छोटा खर्च यंत्राचा. स्मार्ट स्विचच्या पोटात विद्युतप्रवाह जोडणारा छोटा रिले असतो. त्याला साधारण दहा मिलिसेकंद लागतात. बोटाचा दाब खरा की कंपनामुळे झालेला खोटा, हे तपासण्यात आणखी वीस-पन्नास. हे सारे मिळून डोळ्याला जाणवण्याइतके होत नाही. भिंतीवरचे बटण आणि रिले एकाच डब्यात असतील आणि त्यांचा संबंध थेट असेल, तर इंटरनेट असो वा नसो, दिवा लगेच लागतो. मूळ स्विच तसाच ठेवून त्याच्या मागे बसवल्या जाणाऱ्या छोट्या मॉड्यूलचा हा मोठाच गुण आहे.

तरीही भिंतीवरचे बटणच उशीर करत असेल, तर आधी एका गोष्टीकडे पाहावे. पुष्कळ स्विचांना 'एकदा दाबा – दिवा, दोनदा दाबा – सगळे दिवे बंद' अशा खुब्या दिलेल्या असतात. पहिला दाब पडल्यावर दुसरा येतो आहे का, याची वाट पाहिल्याखेरीज त्या स्विचला काही करताच येत नाही. ही वाट अर्ध्या सेकंदाची किंवा त्याहूनही अधिक असू शकते. तंत्रज्ञ बोलावला जातो, राउटर बदलला जातो, आणि दोष मात्र कोणी कधी न वापरलेल्या त्या दुहेरी दाबाचा असतो. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये तो बंद केला की स्विच तरतरीत होतो. एक पैसाही न खर्चता होणारी ही सर्वांत मोठी सुधारणा असावी.

व्हर्जिनियामार्गे दिवाणखाना

मोबाइलवरून किंवा बोलून दिवा लावताना वाट लांबते. किती लांबते, याची कल्पना बहुतेकांना नसते. सोफ्यावर बसलेल्या माणसाने अ‍ॅपमधील बटणाला स्पर्श केला की तो आदेश राउटरमार्गे घराबाहेर पडतो, सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जातो, तेथून त्याच राउटरमध्ये परत येतो आणि मग चार हातांवरच्या स्विचला मिळतो. स्विचची कंपनी एक आणि आवाज ऐकणारे यंत्र दुसऱ्या कंपनीचे असेल, तर आदेश दोन कंपन्यांच्या सर्व्हरांना भेट देऊन येतो.

काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून सिंगापूर हवाई अंतराने चार हजार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जाऊन-येऊन किमान चाळीस मिलिसेकंद. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंतचे अंतर सुमारे तेरा हजार किलोमीटर; तेथे जाऊन येण्यास किमान एकशे तीस. प्रत्यक्षातील केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेतले राउटर, सर्व्हरवरील प्रक्रिया यांचा वेळ निराळा. एकदाच ये-जा झाली तर हे खपून जाते. पण सुरक्षित जोडणी नव्याने करायची झाली तर अशा दोन-तीन खेपा होतात आणि पाव-अर्धा सेकंद सहज निघून जातो. सर्व्हर मुंबईत असेल तर प्रवास नगण्य ठरतो. तथापि आपल्या स्विचचा सर्व्हर कोणत्या देशात आहे, हे खोक्यावर छापलेले नसते.

बोलून दिवा लावण्यात आणखी एक गंमत आहे. माणसाचे बोलणे संपले, हे यंत्राला कसे कळावे? बोलणे थांबल्यावर किंचित वेळ शांतता राहिली, तरच. ती शांतता, मग आवाजाचा अर्थ लावणे, मग आदेश. म्हणून आवाजाने लागणारा दिवा बोटाने लागणाऱ्या दिव्याइतका चपळ होण्याची अपेक्षाच करू नये. हात पिठात असताना तो सोयीचा. घाईच्या वेळी नव्हे.

दूरच्या सर्व्हरवर विसंबण्याचा अर्थ २० ऑक्टोबर २०२५ रोजी जगाला पुन्हा एकदा कळला. आपल्याकडे तो नरकचतुर्दशीचा दिवस होता. भारतीय वेळेनुसार दुपारी बाराच्या सुमारास अ‍ॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील क्लाउड केंद्रात नावांचे पत्ते सांगणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे डीएनएसमध्ये, बिघाड झाला आणि पुढे कित्येक तास अनेक सेवा अडखळत राहिल्या. अ‍ॅलेक्सा आणि रिंग या घरगुती सेवाही त्यांत होत्या. ७ डिसेंबर २०२१ रोजीही त्याच केंद्रात असेच घडले होते. अशा दिवशी विलंब मिलिसेकंदांत मोजता येत नाही. दिवा शाबूत, वीज शाबूत, आणि मधला निरोप्याच गायब.

एका सोप्या चाचणीने आपले घर कोणत्या बाजूला आहे, ते कळते. राउटरमध्ये येणारी इंटरनेटची केबल काढावी, पण राउटर चालू ठेवावा. आता घरातल्या वाय-फायवर असलेल्या मोबाइलवरून दिवा लागतो का, पाहावे. लागला तर आदेश घरातल्या घरात फिरतो आहे. न लागला तर घराचे बटण दुसऱ्याच्या घरी आहे. नवा फ्लॅट 'स्मार्ट' म्हणून विकत घेणाऱ्याने ताबा घेताना ही चाचणी बिल्डरच्या माणसासमोर करून पाहण्यास हरकत नाही.

स्थानिक आदेशांकडे उद्योगाचाही कल वळला आहे. 'मॅटर' हे सामायिक प्रमाण ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर झाले. त्याची मांडणीच घरातल्या घरात संवाद व्हावा, अशी आहे. २०१३ मध्ये सुरू झालेली 'होम असिस्टंट' ही मुक्त संगणकप्रणाली घरातल्याच छोट्या संगणकावर चालते आणि चाहूल-दिव्यासारखे नियम इंटरनेटशिवाय पाळते. तिची मांडणी करायला थोडी चिकाटी लागते, हे खरे.

भिंत, लोखंड आणि शेजारी

इंटरनेटचा फेरा टाळला, तरी घरातली हवा मोकळी नसते. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि वाय-फाय, ब्लूटूथ, झिगबी अशी सारी मंडळी त्यातच दाटीवाटीने राहू लागली. बहुतेक वाय-फाय स्विच अजूनही याच पट्ट्यावर चालतात. या पट्ट्यात वाय-फायच्या तेरा वाहिन्या असल्या, तरी एकमेकींवर न चढणाऱ्या अशा तीनच धरल्या जातात : १, ६ आणि ११. माजिवड्यातील एखाद्या टॉवरच्या मधल्या मजल्यावर मोबाइल उघडला की शेजाऱ्यांच्या राउटरांची वीस-पंचवीस नावे सहज दिसतात. वरचे, खालचे, समोरच्या इमारतीतले, सारे त्या तीन वाहिन्यांत. एक बोलत असताना दुसऱ्याने थांबायचे, हा वाय-फायचा शिष्टाचार असल्याने रात्री नऊ वाजता, जेव्हा घरोघर चित्रपट आणि सामने सुरू असतात, तेव्हा दिव्याचा इवलासा आदेशही रांगेत उभा राहतो. दुपारी चपळ असलेला स्विच रात्री सुस्त का होतो, याचे उत्तर पुष्कळदा हेच असते.

त्यात बांधकामाची पद्धत बदलली. जुन्या चाळींच्या आणि चार मजली सोसायट्यांच्या भिंती विटांच्या होत्या. नव्या टॉवरांत अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या, वायरमन-गवंडी ज्यांना 'मायव्हान' म्हणतात त्या, सळ्यांच्या जाळीसह काँक्रीटच्या भिंती असतात. रेडिओलहरींना विटेपेक्षा अशी भिंत पार करणे फार जड जाते. त्याहून कठीण अडथळा स्विचबोर्डातच दडलेला असतो. भिंतीत बसवलेला डबा लोखंडी पत्र्याचा असेल, तर त्यात कोंबलेले मॉड्यूल पाच बाजूंनी पत्र्यात बंदिस्त होते. लहरींना वाट उरते ती फक्त पुढच्या प्लास्टिकच्या पट्टीतून. संदेश एका खेपेत पोहोचत नाही, पुन्हा पाठवावा लागतो, आणि प्रत्येक पुनरावृत्तीला वेळ लागतो. फर्निचरचे काम चालू असतानाच प्लास्टिकचा डबा बसवून घेणे हा यावरचा स्वस्त उपाय आहे. नंतर भिंत फोडून तो बसवणे मात्र स्वस्त नाही.

राउटरकडूनही थोडी मदत होते. दाराजवळच्या शू-रॅकमागे कोंडलेला राउटर घराच्या मध्याकडे, उंचावर आणावा. २.४ गिगाहर्ट्‌झसाठी 'ऑटो' सोडून १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत रिकामी वाहिनी ठरवून द्यावी, वाहिनीची रुंदी २० मेगाहर्ट्‌झच ठेवावी. आणखी एक बारकावा : राउटर साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी 'मी आहे' असा संकेत देतो आणि वीज वाचवण्यासाठी झोपणारी उपकरणे अशा ठरावीक संकेतांनाच जागी होऊन आपला निरोप विचारतात. ती दर तिसऱ्या संकेताला जागी होत असतील तर निरोप मिळण्यास तीन दशांश सेकंदांपर्यंत उशीर होऊ शकतो. राउटरच्या सेटिंगमध्ये 'डीटीआयएम' नावाचा आकडा असतो. तो एकवर आणल्यास ही झोप सावध होते.

वाय-फायला पर्याय म्हणून झिगबी आणि थ्रेड ही जाळी आहेत. त्यांत प्रत्येक वीजजोडणी असलेले उपकरण पुढच्याला निरोप देते. मधल्या प्रत्येक टप्प्याला साधारण दहा-वीस मिलिसेकंद. दोन-तीन टप्प्यांत दिवा गाठला तर प्रतिसाद उत्तम. परंतु यांचाही पट्टा तोच २.४ गिगाहर्ट्‌झचा. झिगबीच्या सोळा वाहिन्यांपैकी २५ आणि २६ या वाय-फायच्या अकराव्या वाहिनीच्या पलीकडे असल्याने तेथे गर्दी कमी, मात्र सर्व उपकरणे सव्विसाव्या वाहिनीवर पूर्ण ताकदीने बोलत नाहीत. झेड-वेव्ह या तिसऱ्या जाळ्याला भारतात ८६५ मेगाहर्ट्‌झचा निराळा पट्टा आहे आणि त्यावर वाय-फायचा गोंगाट नाही. येथे एक इशारा हवा. न्यूजर्सीहून येणाऱ्या भाच्याकडून झेड-वेव्हचे स्विच मागवणाऱ्यांची निराशा होते. अमेरिकेतील उपकरणे ९०८ मेगाहर्ट्‌झवर बोलतात, त्या लहरी येथे वापरण्यास मोकळ्या नाहीत, आणि बरेच अमेरिकी स्विच १२० व्होल्टचे असल्याने आपल्या २३० व्होल्टवर जळण्याचीच शक्यता.

जाळ्याचा एक शत्रू घरातच असतो, तो म्हणजे काटकसर. झिगबीचा बल्ब भिंतीवरच्या साध्या बटणाने बंद केला, की तो निरोप्या म्हणूनही मरतो. त्याच्यामार्फत बोलणाऱ्या पुढच्या बल्बला नवी वाट शोधावी लागते आणि तोवर सारे रखडते. जेथे घरातली माणसे भिंतीवरचे बटण दाबणारच (आणि ती दाबणारच), तेथे स्मार्ट बल्बऐवजी स्मार्ट स्विच आणि साधा बल्ब, हीच जोडी बरी.

एका खोलीत आठ दिवे असले आणि ते एकेक करून लाह्या फुटाव्यात तसे लागू लागले, तर दोष आदेश देण्याच्या पद्धतीत असतो. आठ दिव्यांना आठ निरोप पाठवण्याऐवजी त्यांचा गट करून एकच निरोप सर्वांना दिला, की ते एकदम उजळतात. फिलिप्सच्या 'ह्यू' दिव्यांच्या नियंत्रकासाठी कंपनीचाच सल्ला सेकंदाला सुमारे दहा निरोपांपुरता आहे. त्याहून घाई केली की निरोप तुंबतात. बोळातल्या चाहूल-दिव्यासाठी तर झिगबीत नियंत्रकालाही मध्ये न घेता संवेदक आणि दिवा यांची थेट गाठ बांधता येते. वर उल्लेखिलेल्या दीड सेकंदावर हा सर्वांत खात्रीचा उतारा होय.

डिमरची चाल

प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या डिमरची गोष्ट थोडी निराळी. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. प्रत्येक अर्धे आवर्तन दहा मिलिसेकंदांचे. डिमर प्रत्येक अर्ध्या आवर्तनाचा काही भाग कापून टाकतो. जितका अधिक कापेल तितका प्रकाश मंद. हे काम तो सेकंदाला शंभर वेळा करत असल्याने त्याचा स्वतःचा विलंब नगण्य. उशीर दिसतो तो दोन कारणांनी. एक म्हणजे मुद्दाम ठेवलेली मंद चढण : दिवा हळूहळू उजळावा म्हणून अर्ध्या ते एक सेकंदाचा अवधी कारखान्यातूनच ठरवलेला असतो. दिवाणखान्यात तो शोभतो. जिन्यावर आणि न्हाणीघरात तो शून्यावर आणावा. दुसरे कारण एलईडीच्या पोटातील ड्रायव्हर. जुना पिवळा बल्ब जेवढी वीज मिळेल तेवढ्यावर लगेच तांबूस उजळायचा. एलईडीच्या ड्रायव्हरमधील संधारक मात्र आधी भरावा लागतो, मग दिवा. डिमर दहा टक्क्यांवर ठेवून बंद केला आणि पुन्हा तेथूनच सुरू केला, तर हा संधारक भरायला वेळ लागतो. काही दिवे तर लागतच नाहीत किंवा फडफडतात. म्हणून डिमरची किमान पातळी थोडी वर उचलून ठेवावी किंवा सुरुवातीला क्षणभर पूर्ण वीज देऊन मग खाली येण्याची सोय असल्यास ती सुरू करावी. खोक्यावर 'डिमेबल' लिहिलेले नसलेला दिवा डिमरवर लावूच नये. तो गुणगुणतो आणि लवकर जातो.

स्मार्ट दिव्यांचा विलंब हा वाय-फायच्या युगाचा शाप आहे, असे मात्र समजू नये. घरातल्याच विजेच्या तारांतून आदेश पाठवणारी 'एक्स-१०' ही पद्धत स्कॉटलंडमध्ये १९७५ मध्ये जन्मली. तीत एका आवर्तनाला एक अंक या गतीने पूर्ण आदेशाला ४७ आवर्तने लागत. आपल्या पन्नास आवर्तनांच्या विजेवर हिशेब केला तर जवळजवळ एक सेकंद. पन्नास वर्षांनंतर सर्व्हरमार्गे जाणारा दिवा त्याहून फार पुढे गेलेला नाही.

वीज गेल्यानंतरचा विलंब हा वेगळाच प्रकार. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा परिसरातील पारेषण वाहिन्यांच्या बिघाडाने मुंबईसह ठाणे अंधारात गेले, तो दिवस येथील रहिवाशांच्या स्मरणात आहे. एरवीही पावसाळ्यात वीज मिनिटभर डोळे मिचकावते. ती आल्यावर साधा दिवा तत्क्षणी लागतो. स्मार्ट घरात मात्र आधी राउटर उठतो, मग नियंत्रक, मग उपकरणे एकामागून एक जोडली जातात. यात काही मिनिटे जाऊ शकतात. राउटर आणि नियंत्रक एका छोट्या यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरच्या लाइनवर ठेवले की हा प्रश्न बराचसा मिटतो. 'वीज आल्यावर आधीच्याच स्थितीत राहा' हा पर्यायही निवडून ठेवावा, नाहीतर पहाटे तीन वाजता शयनगृहातील सारे दिवे पूर्ण तेजाने उजळून घरदार उठवतात.

राहिला प्रश्न न्यूट्रल वायरचा. जुन्या घरांत स्विचबोर्डपर्यंत पुष्कळदा फेजच आणलेली असते. न्यूट्रल वरच्या वर दिव्याकडे जाते. बोर्डात प्लगचा सॉकेट असेल तर न्यूट्रल तेथे असणारच, पण जिन्यावरच्या आणि न्हाणीघराबाहेरच्या एकट्या बटणाजवळ ती नसते. न्यूट्रलशिवाय चालणारे मॉड्यूल मिळतात. ते आपली वीज दिव्यामधून चोरतात, त्यामुळे झिगबीच्या जाळ्यात ती बहुधा निरोप्याचे काम करत नाहीत आणि कमी वॅटचा एलईडी असेल तर तो बंद असतानाही मंद चमकत राहतो. नेमक्या ज्या जागी चपळ दिवा सर्वाधिक हवा, तेथेच तार नसते. ती वायरमनकडून रंगकाम सुरू होण्याआधी ओढून घ्यावी. दोन-तीन बोर्डांचे हे काम असते. आणि बोळातल्या त्या एका दिव्याला, बाकी घर कितीही स्मार्ट केले तरी, भिंतीवरचे साधे, थेट जोडलेले बटण राहू द्यावे.